चौकटीत गावाचं नाव राहून गेलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर तुम्ही एक छोटी चौकट छापली होती, चाकांवरून १२ किलोमीटर गेलेल्या जर्मनीतल्या एका जुन्या चर्चची, "जर्मन इंजिनिअरिंगची कमाल" असं काहीतरी हेडिंग होतं. त्यात चुकीचं काहीच नव्हतं हो, पण अर्धंच होतं. का हलवलं ते "खाणकामामुळे" या एका शब्दात उरकलंत, आणि ज्या गावातनं ते चर्च उचललं त्या गावाचं साधं नावसुद्धा नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. जरा लांबलंय, कात्री लावायची झाली तर माझ्या प्रवासाचं काय ते उडवा, पण गावाचं नाव तेवढं ठेवा. हॉयर्सडॉर्फ.

मुलगा नोकरीनिमित्त लाइपझिगला असतो, त्याच्याकडे मागच्या वर्षी दोन महिने राहून आलो. पहिल्याच आठवड्यात त्याने मला लाइपझिगमधली एक नवीकोरी काचेची इमारत दाखवली, चर्चसारखीच दिसते, आणि म्हणाला बाबा इथे शेकडो वर्षांचं युनिव्हर्सिटीचं चर्च होतं, महायुद्धातल्या बॉम्बिंगमधून वाचलं आणि मग ३० मे १९६८ ला पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारने सुरुंग लावून उडवलं. धडधाकट इमारत! आता त्या आठवणीसाठी तसल्याच आकाराची नवी बांधली. हे आधी सांगायचं कारण एवढंच की त्या भागात चर्च पाडणं म्हटलं की लोकांच्या काय डोळ्यासमोर येत असेल याचा मला तेव्हा अंदाज आला.

तर हॉयर्सडॉर्फ. लाइपझिगच्या दक्षिणेला, सॅक्सनी राज्यात. कागदोपत्री गावाचा पहिला उल्लेख १२९७ चा, म्हणजे इकडे देवगिरीवर रामदेवराय यादव होता आणि ज्ञानेश्वर माउलींनी समाधी घेऊन वर्षच झालं होतं. चर्च साधारण साडेसातशे वर्षांचं मानतात. फार मोठं काही नाही, जाड दगडी भिंती, साडेचौदा मीटर लांब, नऊ मीटरच्या आत रुंद, कळसापर्यंत उंची वीसेक मीटर. आपल्याकडच्या तालुक्याच्या शाळेचा हॉल याहून मोठा असतो. नाव एम्माउस. बायबलमधे लूकच्या शुभवर्तमानात गोष्ट आहे ना, येशूला क्रुसावर दिल्यानंतर दोन शिष्य खाली मान घालून यरुशलेमहून एम्माउस गावाकडे चालत निघालेत आणि वाटेत तिसरा वाटसरू सोबतीला येतो, तोच पुन्हा उठलेला येशू पण यांना ओळखू येत नाही, रात्री जेवताना तो भाकरी मोडतो तेव्हा ओळख पटते. अंतर दिलंय साठ स्टेडिया, म्हणजे साधारण ११ किलोमीटर. हे चर्च चाललं १२. योगायोग असेल, पण मला तो फार आवडला.

आता का चाललं ते. या सगळ्या पट्ट्यात जमिनीखाली तपकिरी कोळसा आहे, लिग्नाइट. हा दगडी कोळशासारखा बोगदा खणून काढत नाहीत, वरची जमीनच आख्खी सोलून काढतात, शेतं, रस्ते, गाव जे काय असेल ते. पूर्व जर्मनीच्या काळात त्या भागातली कितीतरी गावं अशी गेली. दोन्ही जर्मनी १९९० ला एक झाल्यावर हॉयर्सडॉर्फच्या लोकांना वाटलं असणार की आता सुटलो. नाही सुटले. जवळच लिपेनडॉर्फला नवं मोठं वीज केंद्र आलं, त्याला लागणारा कोळसा श्लेनहाइनच्या खाणीतून, आणि त्या खाणीच्या वाटेत हे तीनेकशे वस्तीचं गाव.

आणि इथे तुमच्या चौकटीतून जे सगळ्यात मोठं गळलंय ते येतं. गाव गप्प बसलं नाही, वर्षानुवर्षं भांडलं. गाव हलवण्यासाठी राज्याच्या विधानसभेला १९९८ मधे खास कायदा करावा लागला, त्या एका गावाच्या नावाचा कायदा! गाव कोर्टात गेलं आणि २००० साली राज्याच्या घटना न्यायालयाने तो कायदा चक्क रद्द केला. तीनशे माणसांचं गाव सरकारविरुद्ध जिंकलं. मग २००४ ला सरकारने दुसरा कायदा आणला, गाव परत कोर्टात, २००५ ला मात्र हरलं. कागदावर सगळं रीतसर झालं, सुनावण्या झाल्या, मोबदला मिळाला, कुणी काठ्या घालून हाकललं नाही. पण गाव गेलं ते गेलंच.

त्या गावात चर्च एक नव्हतं, दोन होती. एम्माउस उचललं. दुसरं, ताबोर नावाचं, ते पाडलं. याचा फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

बरं, इंजिनिअरिंगचं कौतुक मलाही आहे, मी स्वतः बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो त्यामुळे जरा जास्तच. जुनी दगडी भिंत म्हणजे दोन बाजूला दगड आणि मधे चुना आणि भराव, हादरा बसला की आतनं सुटते. त्यांनी आधी भिंतींच्या पोकळ्यांमधे बांधकामाचा मसाला दाबून भरला, बाहेरनं लोखंडी पट्टे आवळले, जुन्या पायाच्या जागी खाली काँक्रीटचा तळ केला, आणि मग सगळं मिळून सुमारे ६६० टनांचं धूड हायड्रॉलिक गाडीवर घेतलं. काम केलं मामूत या डच कंपनीने, २००१ मधे बुडालेली रशियन पाणबुडी कुर्स्क वर काढण्यात हीच कंपनी होती. ऑक्टोबर २००७ च्या शेवटच्या आठवड्यात ही मिरवणूक निघाली, माणूस चालतो त्याहूनही हळू, वाटेतल्या तारा काढल्या, झाडं तोडली, रस्ते रुंद केले, प्लाइसे आणि वीरा या दोन नद्या ओलांडल्या, रेल्वे ओलांडली, रस्त्याच्या दोन्ही बाजूला बघ्यांची जत्रा. ऑक्टोबर संपता संपता चर्च बोर्ना या शहरातल्या मार्टिन ल्यूथर चौकात पोचलं. ३१ ऑक्टोबर हा ल्यूथरपंथीयांचा मोठा दिवस, १५१७ साली याच दिवशी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे चर्चच्या कारभारावर बोट ठेवणारे ते ९५ मुद्दे बाहेर पडले, तो मुहूर्त साधला. खर्च जवळपास ३० लाख युरो, खाण कंपनीने केला.

बोर्नाला लाइपझिगहून लोकलने पाऊण तासात जाता येतं. मी आणि मुलगा गेलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. चौकात शहराचं मूळचं मोठं चर्च, सेंट मेरीचं, आणि त्याच्या शेजारी हे छोटंसं एम्माउस, पाहुणं आल्यासारखं अंग चोरून उभं. बोर्नाचं आणि ल्यूथरचं जुनं नातं आहे बरं का, १५२२ च्या मार्चमधे, जिथे तो लपून राहिला होता तो वार्टबुर्गचा किल्ला सोडून विटेनबर्गला परत जाताना तो इथे थांबला होता आणि मला तुमच्या संरक्षणाची गरज नाही असं ठणकावून सांगणारं पत्र त्याने आपल्या राज्यकर्त्याला इथूनच लिहिलं. मुलाला म्हटलं बघ, पत्र लिहायला चांगली जागा आहे!

भिंतीला हात लावला. दगड तोच, सातशे वर्षांपूर्वीचा, पण मला सारखं वाटत होतं की याच्या अवतीभवती काहीतरी कमी आहे आणि मग कळलं, गावच नाही ना. चर्चच्या अंगणातली झाडं नाहीत, समोरची घरं नाहीत, ज्यांची लग्नं आणि बारशी इथे झाली ते लोक आसपासच्या गावांत पांगलेले.

मला हे इतकं लागायचं कारण घरचं आहे. माझं आजोळ इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या बाजूला, उजनीचं पाणी चढलं तेव्हा मी शाळेत होतो. पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, वर नवं पळसदेव वसलं. उन्हाळ्यात धरण खूप आटलं की जुनं देऊळ अजून वर येतं, लोक होडीतून बघायला जातात, रील्स करतात. आमची आई एकदाच आली होती, देवळाकडे तिने बघितलंच नाही, पलीकडे नुसत्या चिखलाकडे बोट करून म्हणाली तिथे आमचा गोठा होता. उजनी नको होती असं मी म्हणणार नाही, सोलापूर जिल्ह्याचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे आणि तिकडच्या त्या कोळशावर लाखो घरांत दिवे लागले. पण गोठा कुठे होता हे सांगणारी माणसं संपली की मग नुसतं देऊळच उरतं.

देऊळ हलवल्याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. गोव्यात साळावली धरणात कुर्डी गाव गेलं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी, तिथलं जुनं महादेवाचं दगडी देऊळ सुटं करून धरणापाशी नेऊन परत जोडलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कुर्डीकर अजूनही मूळ गावाच्या जागी जमतात. कधी चौकट करायची झाली तर याची जरूर करा.

लाइपझिगजवळ आणखी एक बघितलं. खाणी बंद झाल्यावर त्या खड्ड्यांत पाणी सोडून तळी केलीत, सुंदर आहेत, पोहायला आणि सायकलिंगला गर्दी असते. त्यातल्या श्टोर्मथाल तळ्यात चर्चच्या कळसासारखी दिसणारी एक तरंगती इमारत आहे, माग्देबोर्न नावाचं गाव कोळशासाठी गेलं त्याच्या चर्चची आठवण म्हणून. नाव ठेवलंय विनेटा, समुद्रात बुडालेल्या नगरीची त्यांच्याकडे जुनी दंतकथा आहे त्यावरून. नातू म्हणाला आजोबा बोटीतून जाऊ या, गेलो, आणि मला भलत्याच जागी पळसदेव आठवलं.

आणि प्रत्येक चर्च काही उचललं जात नाही. जर्मनीच्याच पश्चिमेला इमेराथ गावचं दोन मनोऱ्यांचं चर्च, लोक प्रेमाने कॅथेड्रल म्हणायचे, १८९१ ला पूर्ण झालेलं, ते जानेवारी २०१८ मधे गार्झवाइलरच्या कोळसा खाणीसाठी मशीन लावून पाडलं. आंदोलक आत शिरले होते, काही तासच काम थांबलं. पुढे २०२० मधे देशाने कायदा केला की २०३८ पर्यंत कोळसा बंद. इमेराथ तोवर गेलेलं होतं.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दोन ओळींची पुरवणी दुरुस्ती टाका, गावाचं नाव हॉयर्सडॉर्फ, तिथे दोन चर्च होती आणि गाव कोर्टात एकदा जिंकलं होतं. बोर्नाला काढलेले फोटो माझ्याकडे आहेत, पावसामुळे जरा अंधुक आलेत, हवे असतील तर मुलाला सांगून ईमेल करतो.

आपला नियमित वाचक,
मूळचा इंदापूर तालुक्यातला, सध्या मुक्काम पुणे