मुक्ताला पत्र

रत्नागिरी, 12 मे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन अर्धवट राहिला. राहिला कसला, तू ठेवलास. बरोबरच केलंस. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि आमची लेक त्याच्यामागे थेट देशाच्या कुंपणापर्यंत’ असं तुझ्या वाळवंटातल्या सरड्यांच्या अभ्यासावरून मी सुलूमावशीसमोर बोलायला नको होतं. ती हसली, ते तू ऐकलंस.

पण मी चिडले ती सरड्यावरून नव्हे, चपलांवरून. एवढ्या छान धोऱ्यावरचा, वाळूच्या टेकडीवरचा फोटो पाठवलास आणि पायात रबरी चपला! वर सांगतेस, सकाळी वाळूत फुरशाची, त्या विषारी सापाची, वाट दिसली, शिडीच्या पायऱ्यांसारख्या तिरक्या रेघा. हे तू हौसेने सांगतेस आणि मी ऐकायचं. असो. आज बुटांबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

तुझा सरड्याचा व्हिडिओ किती वेळा पाहिला, मोजलं नाही. शेपूट सोडली तर दोन-अडीच इंचांचं ध्यान, तोंड बेडकाचं, अंग चपटं, रंग थेट वाळूचा. बसल्या जागी दोन्ही बाजूंना थरथरतो आणि चाळणीतून पीठ उतरावं तसा खाली उतरतो. आधी कडा बुजतात, मग पाठ. मग नुसती वाळू. पेन्शनच्या रांगेत मी सगळ्यांना दाखवला, म्हटलं, सांगा कुठे आहे. एकालाही सापडला नाही. म्हटलं, माझी मुलगी शोधते. राजस्थानच्या सीमेवरचं लोंगेवाला आम्ही वर्गात शिकवलं ते 1971च्या लढाईपुरतं. त्याच गावाचं नाव 1978 साली प्राणिशास्त्रज्ञ शर्मांनी या सरड्याला दिलं, हे मला लेकीकडून कळायचं होतं.

तुझं एक बोलणं मात्र लागलं. मी तीस वर्षं दर जुलैत पोरांकडून रोपं लावून घेतली, आणि तू म्हणतेस की तिथे झाडंच त्याच्या मुळावर आली आहेत. वाळू अडवायला इस्रायली बाभळीच्या रांगा लावल्या की वाळू बसते, मधे गवत धरतं, आणि याला बुडी मारायला मोकळी वाळूच राहत नाही. हलती वाळू हेच त्याचं घर. मला पटेना. दोन दिवस धुसफुसले, मग संध्याकाळी आपल्या सड्यावर, कातळाच्या माळावर गेले. सातबाऱ्यावर तो पोटखराबाच, म्हणजे लागवडीला निकामी. श्रावणात तिथे सीतेची आसवं फुलून सगळं निळं होतं, ते कुठल्या रकान्यात लिहिणार? निम्मा सडा आता कलमांखाली गेलाय. सुरुंग लावायचा, कातळ फोडायचा, बाहेरून माती आणून ओतायची. आपल्या नानांनीही तेच केलं, आणि त्या आंब्यांवरच तुझं शिक्षण झालं, हेही खरं. तेव्हा जास्त बोलत नाही.

त्याच कातळाचे दगड उचलताना नानांना फुरसं चावलं होतं. तू सहा वर्षांची, दवाखान्याच्या बाकावर माझ्या मांडीवर झोपलेली, म्हणून तुला आठवत नाही. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि नळी 20 मिनिटं खिडकीत उभी करून ठेवली. गोठलं तर बरं, म्हणाले. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत होते. मग त्यांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं काचेवरून वाहिलं. नानांच्या हिरड्यांतून तोवर रक्त यायला लागलं होतं आणि ते मला सांगत होते, चहा सांग. विषावरची लस मिळाली, वाचले. बोट मात्र तू बघितलंच आहेस. दवाखाना इथून अर्ध्या तासावर होता, मुक्ता. तुझ्या धोऱ्यावरून जैसलमेर 100 किलोमीटरच्या पुढे.

रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नकोस. फोगाच्या झुडपाखाली हात घालण्याआधी काठी फिरव. वाळूवर नुसतं अंथरूण टाकून झोपू नकोस. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी फुरशाची चरचर ऐकू आली तर जागच्या जागी थांब. आणि... बघ, पुन्हा शिकवणी सुरू झाली. हे सगळं तुला माझ्याआधी माहीत आहे, आणि तुझ्याबरोबरच्या त्या गावच्या काकांना तुझ्याहून जास्त. माफ कर. निवृत्त झाले तरी जीभ वर्गातलीच आहे.

बाबांना यातलं काही बोललेले नाही. ते रोज टीव्हीवर जैसलमेरचं तापमान बघतात आणि मग उगाचच पंखा वाढवतात.

तुझी जुनी चप्पल माळ्यावर सापडली. वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने माप काढलं, मोज्यासाठी अर्धा इंच वाढवला आणि बाजारात जाऊन घोट्याच्या वरपर्यंतचे बूट घेतले. दुकानदार म्हणाला, पोलीसभरतीला का? हो म्हटलं. पार्सल पोस्टमास्तरांच्या पत्त्यावर येईल. आत कोकमं आहेत, ती आधी काढ. आणि बूट रोज घालण्याआधी उलटे करून झटक, विंचू बसतो.

तुझी,
आई