‘हाउंड’ म्हणजे नुसता कुत्रा नव्हे

महोदय,

इंग्रजीवरून केलेल्या बातम्यांत ‘हाउंड’साठी सरसकट ‘कुत्रा’ लिहिले जाते, ते खटकते. जुन्या इंग्रजीत ‘हुंड’ म्हणजे कोणताही कुत्रा. जर्मनमध्ये आजही तसेच आहे. पुढे ती जागा ‘डॉग’ने घेतली आणि ‘हाउंड’ शिकारीपुरता उरला. त्यातही नजरेने सावज हेरून पळणारा ग्रेहाउंड वेगळा, वासावर माग काढणारा ब्लडहाउंड वेगळा. इंग्लंडातले कोल्ह्याचे शिकारी तर आपल्या हाउंडला कोणी ‘डॉग’ म्हटले की नाक मुरडतात, मोजतातही जोड्यांनी! ‘ग्रेहाउंड’मधल्या ‘ग्रे’चा रंगाशी संबंध नाही, त्यामुळे ‘करडा कुत्रा’ हे भाषांतर हास्यास्पदच. क्रियापद म्हणून शब्द आला, तर ‘पिच्छा पुरवणे’ आहेच की. गडचिरोली सीमेवरच्या बातम्यांतले ‘ग्रेहाउंड्स’ मात्र १९८९ मध्ये आंध्र प्रदेशात उभारलेले पोलिसांचे नक्षलविरोधी दल. ते नाव तसेच ठेवावे. आणि मराठवाड्यातल्या कारवानीला ‘कॅरव्हान हाउंड’ कशासाठी? निदान मराठी वर्तमानपत्राने तरी त्याला कारवानीच म्हणावे.

– एक वाचक, लातूर