जबड्याला लेझर मारायच्या आधी तोंडात तरी बघा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परभणी जिल्ह्यात माझं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळं कोणाला काय दुखतंय हे डॉक्टरच्या आधी मलाच कळतं. सध्या जबडा दुखणारे लई येतात. कानापुढं ठणकतंय, घास चावताना कट कट वाजतंय, जांभई दिली की अडकतंय, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या खिशात एक पॅम्प्लेट असतंय, बिनासुईच्या लेझर अ‍ॅक्युपंक्चरनं जबड्याचा सांधा कायमचा बरा, मंगल कार्यालयात शिबिर, तपासणी फुकट. पैसे कुठं लागतात ते तिथं गेल्यावर कळतं.

आता लेझर म्हणजे एकदम थोतांडच, असंही मी म्हणणार नाही. सुई टोचतात त्याच पॉईंटवर, म्हणजे कानापुढं, जबड्याच्या कोपऱ्यावर, हाताच्या अंगठ्याजवळ, कमी पॉवरचा लेझर धरतात, त्यानं कातडी भाजत नाही की रक्त येत नाही. यावर छोटे छोटे अभ्यास पण झालेत, काहींत खोटं मशीन लावलेल्या पेशंटपेक्षा खऱ्या लेझरवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं, काहींत दोघांत फरकच दिसला नाही. म्हणजे स्नायू आखडून दुखत असेल तर थोडाफार आराम पडेल बी, पण "कायमचा बरा" हे कशाच्या जोरावर छापतात? रात्री झोपेत दात खाणारा माणूस लेझर मारून आला तरी रात्री परत दात खाणारच ना, त्याला दातांवर बसवायची प्लेट लागते. आणि बऱ्याच जणांचं हे दुखणं काही दिवस मऊ खाल्लं, गरम पाण्यानं शेकलं, डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम केला की तसंच कमी होतं, त्याला पॅकेज लागत नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. मागं एक पिकअप चालवणारं पोरगं दुकानात आलं, जबडा आखडलाय, शिबिरात लेझर चालू आहे, तोवर दुखायची गोळी द्या म्हणे. मी म्हणलं आधी तोंड उघड बघू. चांगल्या माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात, ह्याची दोन बी जाईनात. गाल आतून पांढरे फटक पडलेले, विचारलं तर तिखट भाकर-ठेचा खाल्ला की आग होते म्हणला, आणि खिशात पुडी होतीच. (२०१२ पासून महाराष्ट्रात गुटखाबंदी आहे म्हणे!) हे सांध्याचं दुखणं नाही हो, सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, त्याला डॉक्टर सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो. शिबिरात त्याच्या तोंडात कोणी बॅटरी मारून बघितलंच नव्हतं, बाहेरून लेझर धरला आणि पुढची तारीख दिली. मी त्याला गोळी दिली नाही, घाटी दवाखान्याच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे तिकडं जा म्हणलं. संभाजीनगरला जायचं म्हणजे दिवसाचं भाडं बुडतं म्हणून कुरकुरत होतं.

अजून एक, त्या शिबिरात ना पेशंटच्या डोळ्याला चष्मा होता ना लेझर धरणाऱ्याच्या, असं तोच सांगत होता. कानापुढचा पॉईंट म्हणजे डोळा तिथून कितीसा लांब, आणि इन्फ्रारेड लेझर असला तर उजेड दिसत बी नाही, मशीन चालूय का बंद ते पेशंटला कळणार कसं?

अ‍ॅक्युपंक्चरसाठी आपल्या राज्यात वेगळा कायदा आहे, कौन्सिल आहे, मग शिबिर घेणाऱ्याचा नोंदणी नंबर पॅम्प्लेटवर का नसतो? जिल्हा शल्य चिकित्सकांनी एवढं तरी करावं, जबड्याच्या शिबिरात एक दाताचा डॉक्टर बसवल्याशिवाय मशीन चालू करू देऊ नये, आणि तोंड किती उघडतं ते मोजून पेशंटच्या कागदावर लिहायला लावावं. एक मोजपट्टीच तर लागते त्याला.

आणि साहेब, राग मानू नका, ही पॅम्प्लेटं आमच्याकडं तुमच्याच पेपरच्या घडीत येतात. एजंट लोक परस्पर घालतात हे माहितेय मला, पण त्यांना तुम्ही एक शब्द बोललात तर ते ऐकतील, माझं कोण ऐकतंय.

आपला,
एक मेडिकलवाला, गंगाखेड