'घाबरलो' एवढंच तर लिहिलं होतं

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

कालची विजय दिवसाची, १९७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईवरची पुरवणी वाचली, शेवटच्या पानावरचं 'रणभूमीवरून आईस पत्र' तर दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला कळलंच नाही की हे आमच्याच घरातलं पत्र आहे. नाव आमच्या दादाचं, गाव आमचं, पण आतला माणूस कोण तो आम्ही ओळखत नाही. छापल्याबद्दल आभार आधीच मानून घेतो, पुढं जमेल न जमेल.

दादानं लिहिलं होतं, "मना जीव घाबरी गया व्हता". तुमच्याकडं त्याचं झालं "माझ्या धमन्यांतून मराठी रक्त सळसळू लागले". अहो सातवी पास पोरगा तो, बेळगावला ट्रेनिंग झालेलं, वय वर्षं एकवीस, त्याला धमनी हा शब्द तरी माहीत होता का? पत्राची सुरुवात "ती. आईस सा. न. वि. वि." अशी शाळेतल्या मराठीत, आणि दोन ओळींत गडी अहिराणीवर, आमच्या खानदेशी बोलीवर आला, कारण घाबरल्याचं शाळेच्या भाषेत सांगता येत नाही. आता अहिराणी आमच्या जिल्ह्याच्या आवृत्तीत सुद्धा छापायची लाज वाटत असेल तर प्रश्नच मिटला.

त्यातली चकमक म्हणजे तरी काय होती? रात्रीची गस्त, डोक्याच्या वर गेलेलं सरकंडा गवत, पुढं काहीतरी खसफसलं, आपल्यातल्या कोणीतरी गोळी झाडली आणि मग समोरून सुरू झालं. दादा पाटाच्या चारीत आडवा पडला, तोंडाला कोरड, खिशात गुळाचा खडा होता तो तोंडात धरला पण विरघळेना. पॅन्ट ओली झाली, "पाण्यानं का कशानं ते विचारू नको" असं त्यानं आईला लिहिलंय. हे सगळं तुम्ही काढलं आणि त्या जागी "एके-४७ सरसावून शत्रूवर तुटून पडलो" घातलं. १९७१ साली आपल्या पायदळाकडं एसएलआर रायफल होती साहेब, वीस गोळ्यांची मॅगझिन, दादानं नुसतं "रायफल" लिहिलंय ते पुरे होतं. वर फोटो बोफोर्सचा! ती तोफ घ्यायचा करार १९८६ चा, कारगिलमध्ये तिनं नाव काढलं. पंधरा वर्षं आधीच आमच्या दादाच्या डोक्यावर आणून ठेवली.

त्याच्या शेजारी साताऱ्याकडचा एक पोरगा होता, त्याला मांडीत लागली, रात्रभर आईला हाका मारत होता आणि पहाटे गेला. ही ओळही तुम्ही गाळली. आता खरं सांगायचं तर ही ओळ आधी मीच गाळली होती. मी तेव्हा आठवीत, आईला वाचता येत नव्हतं, ती चुलीपुढं भाकरी थापत होती आणि मी दारात बसून वाचत होतो, त्या ओळीवर आलो आणि उडी मारून पुढं गेलो. पत्र आलं तेव्हा लढाई थांबून आठ-दहा दिवस झाले होते पण दादाचं त्यानंतरचं काही कळलेलं नव्हतं, त्यामुळं ती रोज संध्याकाळी तेच पत्र वाचायला लावायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "आठेच का थांबस रे रोज?", म्हणजे इथंच का थांबतोस रोज. मी म्हटलं अक्षर लागत नाही. ती काही बोलली नाही, भाकरी मात्र करपली. पण मी गाळलं ते तेराव्या वर्षी, आईच्या तोंडाकडं बघून. तुमच्या ऑफिसात कोण चुलीपुढं बसलं होतं?

आणि कापूस वेचायला मजूर मिळाले का, पांढरी गाय व्याली का, तुरीला पाणी दिलं का, हे त्यानं चकमकीच्या वर्णनापेक्षा जास्त लिहिलंय, ते बहुतेक जागेअभावी गेलं. शेजारी बिल्डरची अर्धं पान जाहिरात होती, ती बसली बरोब्बर.

लढाईत फौजेतून येणारं पत्र तपासूनच यायचं, सगळ्यांना माहितीये, पत्त्यावर नुसतं ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट, गावाचं नाव नाही. दादाच्या पत्रात त्या तपासणाऱ्या साहेबानं एकच ओळ काळ्या शाईनं खोडली आहे, ठिकाण वगैरे लिहिलं असेल. बाकी घाबरलो, पॅन्ट ओली, तो पोरगा गेला, सगळं तसंच सोडलं. त्याला ऐन लढाईत चाललं ते तुम्हाला त्रेपन्न-चौपन्न वर्षांनी सकाळच्या चहाबरोबर चाललं नाही. दादा गेला चार वर्षांपूर्वी, नाहीतर त्यानंच फोन केला असता, आणि तो फोनवर अहिराणीच बोलायचा.

जाता जाता अजून एक, पान सातवर कापसाचे भाव तुम्ही दोन दिवस जुने छापता. परवा त्याच भरवशावर माझा पुतण्या गाडी भरून गेला आणि जागेवर भाव वेगळा निघाला, भाडं अंगावर पडलं. त्या भावात पण कोणी रक्त सळसळवत असेल तर सांगा.

पत्र जसंच्या तसं, दादाच्या शब्दात, परत छापावं ही विनंती. मूळ निळं आंतरदेशीय माझ्याकडे परत आलंय, तुमच्या माणसानं त्यावर चहाचा कप ठेवला होता, गोल डाग नेमका "आईस" वर पडलाय. पुन्हा पाठवायचं तर पाठवा त्याला, पण चहा यावेळी पत्र कपाटात गेल्यावर मिळेल.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त शिक्षक)
ता. अमळनेर, जि. जळगाव