इचिकाबद्दल तू लिहिलंस त्यावर

कराड, रविवार रात्र

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

दुसरा सीझन पहिल्याहून सरस, पण शेवटी इचिकाने घाण केली, हा तुझा मेसेज परवा रात्री वाचला, काल सकाळी पुन्हा वाचला. उत्तर कागदावर लिहितोय, कारण सांगायचं बरंच आहे आणि ते तुकड्यातुकड्यांत सांगण्यासारखं नाही.

आधी एक राहून गेलेलं. मे महिन्यात तू माजघरात लॅपटॉपवर 'द क्विन्टेसेन्शियल क्विन्टुप्लेट्स' ही जपानी कार्टून मालिका लावून बसली होतीस आणि मी दारातूनच म्हणालो होतो, "एका पोराभोवती पाच पोरी, ह्यात बघण्यासारखं काय आहे?" तू काही न बोलता झाकण मिटलंस. मग जेवताना एवढंच म्हणालीस, "बाबा, न बघता बोलू नका." मुलांनी गणित न सोडवता उत्तर लिहिलं तर मी त्यांना पायऱ्या मागतो, आणि तुझ्या आवडीवर मात्र मी एकही पायरी न चढता निकाल देऊन मोकळा झालो. चुकलं माझं. म्हणून शिकवणीची मुलं गेली की रोज रात्री दोन-दोन भाग बघत गेलो. पहिल्या सीझनचे बारा आणि दुसऱ्याचे बारा, चोवीसही बघून झाले. आता बोलतो.

मला सुरुवातीलाच धरून ठेवलं ते फुतारोच्या चाचणी परीक्षेने, म्हणजे एकाच वेळी जन्मलेल्या ह्या पाच बहिणींची शिकवणी घेणाऱ्या पोराच्या. पाच बहिणींना मिळून शंभर गुण! इचिका १२, निनो २०, मिकु ३२, योत्सुबा ८, इत्सुकी २८. मी व्हिडिओ थांबवून पाठकोऱ्या कागदावर बेरीज केली आणि ती बरोबर शंभर आली. अशी पाच मुलं एकाच बाकावर बसलेली मी तीस वर्षं बघतोय. पुढे हळूहळू कळतं की एकीला गणित येतं, दुसरीला इंग्रजी, तिसरीला इतिहास, चौथीला भाषा, पाचवीला विज्ञान. लेखकाने वर्ग आतून पाहिलेला आहे. नेगी हारुबांची ही मूळ मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०१७ ते २०२० अशी साप्ताहिकात चालली आणि २०१९ मध्ये तिला कोदान्शा ह्या प्रकाशनाचा पुरस्कार मिळाला, हे तूच सांगितलं होतंस. तेव्हा मी नुसतं हं म्हटलं होतं.

आणि ते नावापुढचं चिन्ह! दुसऱ्या सीझनच्या नावाला इंटिग्रेशनचं दुहेरी चिन्ह लावलंय, आणि २०२३ च्या त्या छोट्या खास भागांच्या नावाला आडवा पडलेला एस. तो जपानी शाळांत समरूपतेसाठी वापरतात. आपण दहावीत त्याच जागी नागमोडी रेघ काढतो. पाच सारख्या चेहऱ्यांच्या गोष्टीला समरूपतेचं चिन्ह देणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले. आकार तोच, मापं वेगळी.

आता दुसऱ्या सीझनबद्दल. तू म्हणतेस तो पहिल्याहून सरस आहे आणि शेवटी इचिकाने घाण केली. ह्यातलं पहिलं मला बरंचसं पटतं. दुसरं पटत नाही.

चित्रं सुधारली हे कुणालाही दिसेल. पहिला सीझन २०१९ चा, तेझुका प्रॉडक्शन्सचा. त्यात शेवटाकडे चेहरे अक्षरशः हलायला लागले होते. दुसरा जानेवारी ते मार्च २०२१ मधला, बिबुरी ॲनिमेशनने केलेला, दिग्दर्शन काओरी यांचं. रेषा मऊ झाल्या, डोळ्यांत ओल आली. आवाज मात्र तेच राहिले आणि ते फार बरं झालं. पाचही जणी दिसायला एकसारख्या, पण डोळे मिटून ऐकलं तरी आता कोण बोलतंय ते मला कळतं. पण ह्यामुळे काही सीझन चांगला ठरत नाही, सुंदर अक्षरातही चुकीचं उत्तर लिहिता येतं.

माझी कसोटी साधी आहे. अशा गोष्टींत मुलगा मधोमध असतो आणि मुली भोवती असतात. तो मुलगा खोलीबाहेर गेला की आतल्या मुली एकमेकींशी काय बोलतात? बोलायला काही उरतं का? बहुतेक ठिकाणी काहीच उरत नसणार, म्हणूनच माझ्यासारखे लोक दारातून नाकं मुरडतात. ह्या सीझनचे पहिले पाच-सहा भाग इथेच जिंकतात. निनो आणि इत्सुकी घर सोडून जातात ते मुलाच्या प्रेमापायी नाही, बहिणीबहिणींत जे तुटलंय त्यापायी. निनो सवाल लिहिलेला कागद फाडते आणि इत्सुकी तिच्या थोबाडीत देते, तिथे मी पुन्हा व्हिडिओ थांबवला. तो कागद छापील नव्हता, फुतारोने हाताने लिहिला होता. पाच जणींसाठी पाच प्रती. तू लहान असताना माझ्या शेजारी बसून कार्बन पेपर लावून द्यायचीस, तुझी बोटं निळी व्हायची, आठवतंय? प्रश्नपत्रिका हाताने लिहिणाऱ्या माणसाला फाटलेल्या कागदाचा तो आवाज कसा लागतो ते वेगळं सांगायला नको. तरीही मला निनोचा राग आला नाही. पाच जणींचं घर होतं, त्यात हा सहावा घुसला, आणि तेवढी एकच बहीण ते मोठ्याने बोलत होती. पुढे ती लांब केस कापून येते. गाडीवर मागे बसून त्याला आवडतोस म्हणते, आणि उत्तर येत नाही तर पुन्हा एकदा तोंडावर सांगते. एवढं अंतर तिला तोडायला लावलं आणि त्यातली एकही पायरी गाळली नाही. ह्या पोरीला मी पैकीच्या पैकी दिले असते.

त्यानंतरची जागा तुझीही आवडती आहे. वडिलांचा उंच इमारतीतला फ्लॅट सोडून पाच जणी जुनाट, लहानशा खोलीत राहायला जातात. दाराची कार्डं पाण्यात फेकतात, हा पठ्ठ्या पाण्यात पडतो आणि मागोमाग पाचही जणी उड्या टाकतात. ऐन नाताळच्या थंडीत. मला तिथे हुंदका आवरला नाही. मास्तर शिकवणं सोडून निघून चाललाय आणि विद्यार्थी त्याच्या मागे पाण्यात उडी घेतात, हे दृश्य शिकवणाऱ्या माणसाने कोरड्या डोळ्यांनी बघायचं तरी कसं?

पण मग घाई सुरू होते, आणि ही घाई मोजता येते. मंगाचे एकूण चौदा खंड. पहिल्या सीझनने बारा भागांत साधारण चार खंड घेतले. दुसऱ्याने तेवढ्याच बारा भागांत सहा, म्हणजे दीडपट भार. उरलेले चार २०२२ च्या सिनेमावर गेले. पोर्शन उरकायला घेतला की काय होतं हे मी जाणतो. उदाहरणं गळतात, नुसती सूत्रं राहतात. आजोबांच्या त्या गरम पाण्याच्या झऱ्याकाठच्या गावापर्यंत तग धरला होता. पाचही जणी इत्सुकीचं रूप घेऊन उभ्या असतात आणि फुतारो त्यातून मिकुला ओळखतो, तिथे मी सुस्कारा सोडला. त्या एका ओळखण्यासाठी आधीचे एवढे सगळे भाग लागले होते, आणि ते फुकट गेले नाहीत. (स्नानाची दृश्यं मला रुचली नाहीत. गोष्टीला त्यांची गरज नव्हती.) पण क्योटोची सहल म्हणजे पळापळ झाली. फुशिमी इनारी देवळाच्या लाल कमानींच्या रांगा डोंगरावर चढत जातात. तिथे पाचही जणींचं सगळं साचलेलं फुटायचं होतं, तर श्वास घ्यायलाही कुणी थांबत नाही. मिकु बेकरीत कामाला राहून, कितीदा फसून पाव करायला शिकली. तो पाव त्याने खाल्ला तेव्हा मला त्याचा वास यायला हवा होता. आला नाही. योत्सुबा तर जवळजवळ पूर्ण सीझनभर दाराआडच उभी आहे. तिच्याकडे काहीतरी मोठं आहे हे कळतं, आणि ते उघडायच्या आत पडदा पडतो. इत्सुकीला आईसारखं शिक्षिका व्हायचंय. ह्यावर मी अख्खा एक भाग आनंदाने बघितला असता.

अजून एक गोष्ट मास्तर म्हणून खटकली. सुरुवातीला अभ्यास हाच गोष्टीचा कणा होता. पाचही जणी पास होतात आणि तो कणाच काढून घेतल्यासारखं होतं. पुढे पुस्तकं नुसती टेबलावर दिसतात. मिकुने ठरवलं होतं, पहिली आले तर मनातलं सांगेन. पहिली आली इचिका. एका परीक्षेच्या निकालाने दोन मुलींची आयुष्यं वळली, हे किती जबरदस्त आहे! असं पुन्हा व्हायला हवं होतं.

आणि आता इचिका.

तू लिहिलंस, "मी तिला कधीच माफ करणार नाही. मिकुचं रूप घेऊन त्याला खोटं सांगितलं." खरं आहे. मिकुच्या केसांत, मिकुच्या आवाजात ती सांगते की इचिकाला तू आवडतोस, मी तुमच्या पाठीशी आहे. सख्ख्या बहिणीची वाट तिचंच तोंड वापरून बंद केली. हे वाईट आहे आणि गोष्टही त्याला वाईटच म्हणते. पण त्या लहानशा खोलीचं भाडं कोण भरत होतं, मनू? नटी म्हणून शूटिंग करून रात्री उशिरा येऊन अभ्यासाला बसायची आणि पेन हातात धरूनच पेंगायची ती कोण?

तुला एक सांगतो, आजवर सांगितलं नव्हतं. आक्काने सातवीनंतर शाळा सोडली आणि शिलाई मशीन घेतलं. माझी बी.एस्सी.ची फी तिच्या ब्लाउजांवर झाली, हे तुला माहीत आहे. मशीनच्या फळीवर डोकं टेकून ती झोपलेली असायची आणि तिच्या गालावर कापडाचं विणकाम उमटलेलं असायचं, हेही मी पूर्वी सांगितलंय. जे सांगितलं नाही ते असं. धाकट्या आत्याला कोल्हापूरहून मागणी आली, त्याचं पत्र आक्काच्या हाती पडलं. नाना बाहेरगावी नव्हते, घरातच होते. तरी आक्काने ते पत्र चार दिवस मशीनच्या खणात ठेवलं. बॉबिनींच्या डब्याखाली. पाचव्या दिवशी तिने ते स्वतःच नानांच्या हातात दिलं आणि पोस्टाला उशीर झाला म्हणाली. मी तिथेच होतो. खण उघडताना मी पाहिलं होतं, पण कुणाला बोललो नाही. धाकटीचं लग्न झालं, शालूचा ब्लाउज आक्कानेच शिवला.

आक्काला त्या मुलाचं काही नव्हतं, तिने त्याला पाहिलंही नव्हतं. तिला फक्त चार दिवस हवे होते, ज्यात सगळ्यांच्या आधी तिचं काहीतरी असेल. थोरलीने सोडायचं असतं हे घरात कुणी म्हणून दाखवत नाही, ते तिच्या अंगवळणीच पडतं. इचिकाही पहिल्या सीझनभर हसत हसत बाजूला होत आली, मी थोरली आहे म्हणत. ज्याने कधीच काही मागितलं नाही त्याला मागायचं कसं तेही येत नाही, मग एक दिवस तो हिसकावतो. मला तिचा राग यायच्या आधी पोटात कालवाकालव झाली. माझी तक्रार इचिकाबद्दल नाही, त्या घाईबद्दल आहे. एवढं पाप करून ती परत येते, आणि त्या परत येण्याला त्यांनी जेमतेम काही मिनिटं दिली. आक्काला पाच दिवस लागले होते. तिचे ते पाच दिवस दाखवले असते तर तूही तिला माफ केलं असतंस असं मला वाटतं.

गुरुवारी आक्का आली होती. मी त्या नव्या खोलीतला भाग दुसऱ्यांदा लावला होता आणि ती शेजारी मेथी निवडत बसली. भाषा कळत नव्हती, खालची अक्षरं तिला वाचता येत नव्हती. दहा मिनिटांनी विचारते, "ती आखूड केसांची थोरली ना?"

मी म्हटलं, "हो, पण तुला कसं कळलं? पाचही जणी एकाच दिवशी जन्मल्यात."

"बसल्या बसल्या झोपतेय की," म्हणाली आणि मेथीच्या काड्या गोळा करून उठली.

सिनेमा मी अजून लावलेला नाही. पाचांतली कोण शेवटी फुतारोची नवरी होते ते मला सांगू नकोस, दिवाळीला आलीस की तिघं मिळून बघू. आक्काला मी सांगून ठेवलंय.

तुझे बाबा