सव्वा तासाचं विमान आहे कुठे?

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ दाखवणारा तक्ता छापला होता. त्यात जळगाव ते सिंधुदुर्गातलं चिपी : ५९२ किमी, १ तास १२ मिनिटं. आमची लेक कुडाळला दिलेली. सौ.ने त्याच दुपारी बिबड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचा, डबा खाली काढला. एसटी बदलता बदलता दरवेळी बिबड्यांचा चुरा होतो, यंदा अख्ख्या पोचतील म्हणाली.

मी मोबाइल घेऊन बसलो. नकाशावर जळगावपासून चिपीपर्यंत ठिपक्यांची सुबक रेघ, तिच्यावर इवलंसं विमान. तिकीट मात्र कुठल्याच तारखेला निघेना, कारण थेट विमानच नाही. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "मंग इमान कोठे शे?"

अंतर बरोबर आहे, ते आधी कबूल करतो. तीस वर्षं भूगोल शिकवला, ताळा केल्याशिवाय राहवलं नाही. जळगाव २१ अक्षांशाला, चिपी १६ ला. एका अक्षांशाचे ६० सागरी मैल, पाचांचे ३००. सागरी मैल १.८५२ किमीचा, म्हणजे सरळ दक्षिणेला ५५५ किमी. रेखांशात दोन अंशांहून थोडं जास्त पश्चिमेला, ते २२० च्या घरात. पायथागोरसाला हाक मारली की उत्तर सहाशेच्या आतबाहेर येतं. रस्त्याने हेच सातशेच्या वर जातं, घाट वेगळे.

गोची आहे ती वेळेत. असले आकडे संगणक काढतो : अंतराला मोठ्या जेटच्या ताशी साडेआठशेच्या वेगाने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. विमान खरंच जातं का, हे त्याला कोणी विचारलेलं नसतं. आपल्याकडे येतं ते पंख्याचं एटीआर, ताशी पाचशेच्या आसपास चालणारं. त्याच हिशेबाने त्याला जवळपास पावणेदोन तास हवेत. त्याआधी अमळनेरहून धरणगावमार्गे जळगाव, तिथून कुसुंब्याचं विमानतळ आणि उड्डाणाच्या तासभर आधी हजेरी. ज्या दिवशी गोव्याचं विमान असेल त्या दिवशी मोपाला उतरून पुढे गाडीने कुडाळ गाठता येईल, पण त्याची मिनिटं कुठल्याच तक्त्यात नसतात.

आपल्या तक्त्यात धुळेही आहे! गोंदूरला धावपट्टी आहे, हे खरं. प्रवाशाला तिथून तिकीट मिळत नाही, हेही तितकंच खरं. जळगावचं म्हणाल तर विमानतळाचं उद्घाटन २०१२ साली झालं आणि छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेतलं पहिलं विमान यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. पुढेही सेवा कधी चालू, कधी बंद. त्यामुळे आमच्या भागात माणूस असा आकडा वाचतो तेव्हा त्याला वाटतं, विमान सुरू झालं. माझ्याकडे दोन शेजारी कात्रण घेऊन आले, एकाने तर भाडं किती पडतं तेही विचारलं.

बिबड्या अखेर एसटीनेच गेल्या.

पुढच्या वेळी तक्त्यात एक रकाना वाढवा : "विमान आहे का?" उत्तर "नाही" असेल तिथे मिनिटं छापू नका.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, अमळनेर