पावसाळी सावलीत काय लावावे, काय लावू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की पुरवण्यांतून आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून ‘पावसाळ्यात हे लावाच’ अशा याद्या फिरू लागतात. त्यांत टोमॅटो, मिरची, गुलाब, कोथिंबीर हमखास असतात. उन्हाचे अंगण असेल तर यातले काही जमेलही. पण मुंबईत बहुतेकांच्या वाट्याला येते ती इमारतीच्या मागची पट्टी, वर पर्जन्यवृक्षाचे नाहीतर आंब्या-जांभळाचे छत आणि बाजूला कुंपणाची ओली भिंत. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या बोरिवली, मुलुंड, ठाण्याच्या वसाहतींत आणि आरेच्या आसपास तर हे जास्तच. जून ते सप्टेंबर अशा जागेचे हवामान बागेचे राहत नाही, रानाच्या तळाचे होते. तिथे उन्हाची झाडे लावून मग औषधांच्या बाटल्या विकत घेत बसणे हा पैशाचा आणि कष्टाचा अपव्यय आहे. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी उजेड मोजावा. मोबाइलवर लक्स (उजेडाचे माप) मोजणारी फुकट अ‍ॅप मिळतात, अंदाजापुरती ती पुरेशी आहेत. निरभ्र दुपारी उघड्यावर लाखभर लक्स भरतात, पावसाळी ढगांखाली साधारण दहा-वीस हजार, आणि त्याच वेळी दाट झाडाखाली आकडा हजार-दोन हजारांवर येतो. टोमॅटोला रोज सहा तास थेट ऊन लागते. एवढ्याशा उजेडात त्याचे खोड लांबट, लुसलुशीत होते, पेरांतले अंतर वाढते, पाने पातळ राहतात आणि अशा कोवळ्या पानावर करपा आठवड्यात पसरतो. कोथिंबीर-मेथीची रोपे तर दोन पानांवर असतानाच मातीलगत मऊ पडून कोलमडतात. बियाणे बदलून याला उतार पडत नाही. ही पिके ऑक्टोबरात, पाऊस हटल्यावर, मिळेल त्या उन्हाच्या तुकड्यात पेरावीत.

गेली काही वर्षे ‘हेंप’ म्हणजे तंतूच्या भांगेचेही कौतुक कानावर येते. पश्चिम घाटाच्या ओल्या रानकडेला हे पीक घ्यावे, अशी सूचना उत्साहाने केली जाते. ती दोन्ही अंगांनी चुकीची आहे. कायद्याच्या बाजूने पाहिले तर 1985च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याच्या कलम 8 नुसार परवान्याशिवाय भांगेच्या झाडाची लागवड हा गुन्हा आहे आणि कलम 20 खाली त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड आहे. तंतू आणि बियांसाठी सरकार कलम 14 खाली परवानगी देऊ शकते, उत्तराखंडने तसे परवाने दिलेही. पण इथे कुंडीत ‘हौस म्हणून’ एक रोप, अशी सवलत कुठेच नाही. शेतीच्या बाजूने पाहिले तर ते भर उन्हाचे झाड आहे, मुळाशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही आणि दाट तुरे सततच्या दमट हवेत आतून बुरशीने कुजतात. कोकणातला जुलै त्याचा नव्हे.

मग लावायचे काय? जी झाडे मुळात रानाच्या सावलीतली, किंवा सावली सोसणारी आहेत ती. हळद, आले, सुरण, अळू, मिरीवेल, नागवेल. पाऊस संपेपर्यंत ही सुखाने वाढतात, अट एकच: मुळाशी हवा खेळली पाहिजे. पावसाळी सावलीत झाडे मरतात ती बहुधा उजेड कमी पडल्याने किंवा पाऊस जास्त झाल्याने मरत नाहीत. मातीच्या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने भरलेल्या राहतात, मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती तपकिरी पडतात आणि पिथियम, फायटोप्थोरा यांसारख्या पाण्यातून पोहत येणाऱ्या रोगांना दार उघडे मिळते.

म्हणून जमिनीत लावायचे असेल तर गादीवाफा, म्हणजे जमिनीपासून उचललेला वाफा, करावाच. रुंदी एक मीटर, उंची 25 ते 30 सेंमी, दोन वाफ्यांत अर्ध्या मीटरची चर आणि चरीला गटाराकडे उतार. कडेला जांभा दगड किंवा फुटक्या विटा लावल्या की पहिल्याच मुसळधार पावसात वाफा वाहून जात नाही. नर्सरीतली लाल माती नुसती वापरू नये, दोन पावसांत ती विटेसारखी घट्ट बसते. चार घमेली लाल माती, दोन घमेली मुरलेले शेणखत, दोन घमेली विटांचा जाडसर चुरा किंवा बारीक खडी, एक घमेले भाताचे तूस, हे प्रमाण चांगले. कोकोपीट उन्हाळ्यात वरदान असले तरी पावसाळी सावलीत ते पाणी सोडतच नाही, त्यामुळे या मिश्रणात ते घालू नये.

कुंडीच्या बाबतीत एक समजूत फार घट्ट आहे: तळाशी खडीचा थर दिला की निचरा सुधारतो. सुधारत नाही. वरची बारीक माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरतच नाही. खडीमुळे ती ओली पट्टी फक्त वर, मुळांच्या जवळ सरकते. भिजलेला स्पंज आडवा धरला तर पाणी धरून ठेवतो आणि उभा केला की ठिबकतो, तसेच कुंडीचे आहे. उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडी लवकर निथळते. तळाला सेंटिमीटरभर व्यासाची चार-पाच भोके, त्यांवर माती अडवायला जाळीचा तुकडा, आणि कुंडी दोन विटांवर. खालची ताटली जूनमध्ये काढून टाकावी. ती ठेवली तर मुळेही कुजतात आणि डेंग्यूच्या डासांची पैदासही होते.

निळ्या ताडपत्रीबद्दलही सांगायला हवे. पावसापासून वाचवायला झाडांवर ती तंबूसारखी तिन्ही बाजूंनी बांधतात. आत वारा बंद, पाने ओली ती ओलीच, आणि चार दिवसांत पांढरी बुरशी. बांधायचीच तर पानांपासून किमान दोन फूट वर, एका बाजूला उतार देऊन, बाजू पूर्ण उघड्या ठेवून. मे महिन्यात उन्हासाठी लावलेली हिरवी जाळी मात्र विसरल्यासारखी तशीच लटकत असते. ती पहिल्या पावसाआधी उतरवावी.

हळद-आल्याची लागवड मेअखेर ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत करावी. हळदीचा तुकडा 30 ते 40 ग्रॅमचा, आल्याचा 20 ते 30 ग्रॅमचा, प्रत्येकावर निदान दोन फुगीर डोळे. बाजारातले सुरकुतलेले, चकचकीत धुतलेले आले उगवत नाही असे नाही, पण भरवसा कमी. लिटरभर पाण्यात 3 ग्रॅम मँकोझेब हे बुरशीनाशक घालून त्यात बेणे अर्धा तास बुडवावे आणि सावलीत तीन-चार तास सुकवावे. हातमोजे घालावेत. डोळा वर ठेवून चार-पाच सेंमी खोल आणि एक वीत अंतरावर लावावे. वरून लगेच पाचोळ्याचे चार बोटे जाड आच्छादन. झाडांखाली हे फार महत्त्वाचे, कारण फांद्यांवरून पडणारे टपोरे थेंब मातीवर आदळून चिखल पानांच्या खालच्या बाजूला उडवतात आणि रोग मातीतून पानावर चढतो तो याच वाटेने. दीड महिन्याने आणि तीन महिन्यांनी आच्छादन पुन्हा द्यावे, तेव्हाच मातीची भर घालावी. नागपंचमीला किंवा गणपतीत पातोळ्यांसाठी हळदीची पाने काढायची असतील तर एका फुटव्यावरून एक, फार तर दोन. त्याहून जास्त काढली की गड्डे बारीक राहतात. युरियाचा मोह टाळावा. सावलीत नत्र जास्त झाले की नुसता पाला माजतो.

आले कुजू लागले की पहिली खूण खालच्या पानांवर दिसते. शेंड्याकडून कडेने पिवळेपणा येतो, मग बुंधा मातीलगत पाणचट होतो, ओढला की अलगद हातात येतो आणि खाली दुर्गंधी येते. ही पिथियमची सड. रोगट झाड भोवतालच्या मातीसकट काढून कचऱ्यात टाकावे, खतखड्ड्यात टाकू नये. पाने हिरवी असतानाच गुंडाळून माना टाकत असतील तर गोष्ट वेगळी. खोडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडवून स्थिर धरावा. काही मिनिटांत कापाच्या जागेतून दुधाळ धागा पाण्यात उतरू लागला तर तो जिवाणूंमुळे येणारा मर रोग आहे. त्यावर घरगुती औषध नाही. त्या जागी किंवा त्या मातीत पुढची काही वर्षे आले, टोमॅटो, मिरची, वांगे काहीही लावू नये.

ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी. ती वापरणाऱ्यांची एक चूक नेहमी दिसते. आज ट्रायकोडर्मा घालतात आणि परवा त्यावरच तांब्याचे औषध ओततात. तांबे त्या उपयोगी बुरशीलाही मारते. दोन्हींत किमान पंधरा दिवसांचे अंतर हवे. दहा किलो शेणखतात 100 ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळून, ओलसर ठेवून, गोणपाटाखाली पंधरा दिवस झाकून मग वाफ्यात मिसळावे. कोरड्या मातीवर नुसती भुकटी भुरभुरवून काही होत नाही.

मिरीवेलाला मुंबईची हवा मानवते. करीमुंडा ही जात सावली सोसते. पन्नियूर-1 दाट सावलीत नुसती वाढते, घोस धरत नाही, तरी नर्सरीत तीच पुढे करतात. झाडाच्या बुंध्यापासून एक फूट लांब, शक्यतो उत्तरेच्या बाजूला लावावी. अगदी बुंध्याला चिकटून लावली तर खोडावरून ओघळणारे सगळे पाणी तिच्या मुळात जाते. कुंडीसाठी झुडपी मिरी घ्यावी. वेलाच्या धावत्या फांदीचे रोप चढतच राहते, तर घोस धरणाऱ्या आडव्या फांदीपासून केलेले रोप झुडूप होऊन वर्ष-दीड वर्षात कुंडीत मिरी देते. घेताना रोप कोणत्या फांदीचे, हे विचारावे. नारळाच्या बागेत मिरी, दालचिनी, जायफळ घेण्याची रत्नागिरीच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ ही पद्धत सुपरिचित आहे. उंच नारळांच्या पंक्ती मोठ्या आवारात असतील तर त्यातली मिरी आणि दालचिनी इथेही चालेल. वेलची मात्र नाही. तिला समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वरची हवा लागते. ‘वेलचीचे झाड’ म्हणून मुंबईत विकले जाते ते बहुतेकदा वेलचीसारखा वास असलेले अल्पिनिया असते. दिसायला सुरेख, पण त्याला वेलच्या लागायच्या नाहीत.

मिरी, नागवेल आणि अळू या तिघांनाही फायटोप्थोराचा त्रास होतो. अळूच्या पानावर आधी पाणचट ठिपका येतो, मग तपकिरी वर्तुळे, आणि सकाळी त्यांवर पिवळसर चिकट थेंब दिसतात. असे पान त्याच दिवशी देठासकट काढावे. प्रतिबंध म्हणून एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) पावसाच्या आधी एकदा आणि ऑगस्टच्या उघडिपीत दुसऱ्यांदा फवारावे. लिटरभरासाठी 10 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 10 ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवावेत. चुना निवल्यावर मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू, ढवळत ओतावे. उलटे करू नये. घासलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर धरावा. त्यावर तांबूस थर चढला तर तांबे मोकळे आहे आणि पाने जळतील. थोडे चुन्याचे पाणी वाढवावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. खायची पाने फवारणीआधी काढून घ्यावीत. फवारलेल्या पानांच्या वड्या करू नयेत, पुढच्या नव्या पानांच्या कराव्यात.

राहिल्या गोगलगायी. आफ्रिकी शंखी गोगलगाय आच्छादनाखाली दिवसभर दडते आणि अंधार पडल्यावर मिरीची कोवळी टोके सफाचट करते. संध्याकाळी ओले गोणपाट पसरून त्याखाली पपईची पाने किंवा कोबीचा पाला ठेवावा, रात्री नऊच्या सुमारास विजेरी घेऊन गोळा कराव्यात आणि मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. हात उघडे नकोत, या गोगलगायींत माणसाला बाधणारे जंत असू शकतात. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या सोसायटीच्या आवारात टाकू नयेत, त्या कुत्र्या-मांजरांना मारतात. चिखलात काम करणाऱ्या माळ्याला गमबूट द्यावेत, लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे.

उजेडासाठी फांद्या छाटायच्या असतील तर 1975च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड सोसायटीच्या आवारातले असले तरी. अर्ज एप्रिलमध्येच करावा. वाफा करताना बुंध्याभोवती मातीचा ढीग चढवू नये, साल कुजते आणि पुढे वादळात ते झाड आडवे होते. बुंध्यापासून निदान तीन फूट मोकळे सोडावेत.

आणि ऑक्टोबर. पाऊस गेल्यावर पंधरा दिवसांत तीच कुंडी दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत होते, आणि चार महिने पाणी न घालायची सवय लागलेले आपण तिकडे पाहत नाही. हळद-आल्याचे गड्डे नेमके याच दिवसांत भरतात. बोटभर खोल माती कोरडी लागली की पाणी द्यावे, डिसेंबरात पाने पिवळी पडू लागली की बंद करावे आणि जानेवारीत खणावे.

आपला,
एक वाचक
बोरिवली (पूर्व), मुंबई